गुंतवणुकीचं घोडं कुठे पेंड खातं?

2015 साली जागतिक बँक आणि तिच्या जोडीच्या विकास बँकांनी एक मोठी घोषणा केली. आम्ही सार्वजनिक पैशातले अब्जावधी डॉलर पुढे करू आणि त्यांच्या आधाराने खासगी भांडवलाचे कित्येक लाख कोटी डॉलर गरीब देशांत आणू, असा तिचा आशय होता. दहा वर्षांनी, 2025च्या जून-जुलैत, स्पेनमधल्या सेव्हिल शहरात विकासाच्या अर्थपुरवठ्यावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. विकसनशील देशांना दरवर्षी कमी पडणाऱ्या पैशाचा आकडा तेव्हा 4 लाख कोटी डॉलर असा सांगितला गेला. खासगी पैसा थोडाफार आला होता, पण घोषणेच्या जवळपासही पोचला नव्हता. मग ठरलेला वाद सुरू झाला. एक बाजू म्हणते, परवाने कमी करा, तपासण्या थांबवा, गुंतवणूकदाराची जोखीम सरकारने अंगावर घ्यावी, पैसा आपोआप येईल. दुसरी म्हणते, खासगी भांडवल येतं ते लुटायलाच. आलं नाही तर बरंच झालं. दोन्ही बाजू सरकार किती असावं यावर भांडतात, आणि ज्या देशांसाठी हे भांडण चाललंय त्यांचा खरा अडथळा बाजूलाच राहतो.

तो अडथळा माझ्या मते असा आहे. कारखाना, वीजकेंद्र, बंदर, गोदाम, फळबाग या सगळ्यांत पैसा एकदा घातला की तो रुततो. उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पैसा घालण्याआधी गुंतवणूकदार मोकळा असतो आणि सरकार गरजू असतं. पैसा घातल्यानंतर हे नातं एका रात्रीत उलटतं. त्यामुळे गुंतवणूक करणारा, मग तो परदेशी कंपनी असो की गावातला गिरणीवाला, मनात दोन प्रश्न विचारतो. आज दिलेला शब्द उद्या पाळला जाईल का? आणि तोच शब्द शेजारच्या वजनदार माणसालाही तसाच लागू असेल का, की त्याच्यासाठी नियम वेगळा? या दोन प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ अशी असतील तर परवाने शून्यावर आणले तरी फरक पडत नाही. ‘हो’ असतील तर बऱ्याच कटकटी सोसूनही माणसं पैसा घालतात.

रॉबर्ट ल्युकास या अर्थतज्ज्ञाने 1990 साली एक साधा हिशेब मांडला होता. भांडवल जिथे कमी तिथे त्याचा परतावा जास्त, हे पाठ्यपुस्तकातलं सूत्र खरं मानलं, तर त्या काळी भारतात गुंतवलेल्या जादा डॉलरवर अमेरिकेच्या 58 पट परतावा मिळायला हवा होता. तसं असतं तर जगातला सगळा पैसा गरीब देशांकडे धावला असता. तो धावला नाही. याचं एक कारण शिक्षण आणि कौशल्यात आहे, हे ल्युकासनेच सांगितलं. पण दुसरं कारण कुठल्याही गरीब प्रदेशाच्या बाजारात उभं राहिलं की दिसतं. तिथे उद्यमशीलतेचा दुष्काळ मुळीच नसतो. खरेदी-विक्री करणारे, वाहतूक करणारे, सावकारी करणारे, मोबाइल दुरुस्त करणारे, जुने कपडे विकणारे यांची दाटी असते. पंधरा दिवसांत मोकळा होणारा पैसा लोक आनंदाने गुंतवतात. पंधरा वर्षांनी मोकळा होणारा पैसा मात्र कोणी घालत नाही. ज्यांच्याकडे तो असतो ते तो जमिनीत, सोन्यात किंवा परदेशातल्या खात्यात ठेवतात. स्थानिक श्रीमंतच ज्या मातीत पैसा रुतवायला तयार नाही, तिथे परक्याने का रुतवावा?

‘परवाने कमी करा’ म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही, हे आधी मान्य करतो. 1983 साली पेरूमध्ये अर्थतज्ज्ञ हेर्नान्दो दे सोतो यांच्या संस्थेने लिमा शहराच्या कडेला एक छोटं कपडे शिवण्याचं युनिट सगळ्या कायदेशीर सोपस्कारांसह नोंदवून पाहिलं. कागद पुरे व्हायला 289 दिवस लागले, आणि खर्च किमान मासिक वेतनाच्या तीसपटीहून जास्त झाला. एवढी किंमत मोजून कायदेशीर होण्यापेक्षा बेकायदा राहणं स्वस्त पडत असेल, तर गरीब माणूस काय निवडणार? बेकायदा धंद्याला बँक कर्ज देत नाही, करार मोडला तर न्यायालय उभं करत नाही, आणि धंदा थोडा वाढून नजरेत भरला की हप्ता मागणारे दारात येतात. म्हणून असा धंदा लहानच राहतो. हा प्रयोग डोळे उघडणारा होता. तो ज्यांनी मनावर घेतला त्यांनी गरिबांचं भलंच केलं.

पण त्यातून पुढे जे निघालं ते फसलं. 2003पासून जागतिक बँक देशांना ‘व्यवसाय करणं किती सोपं’ या कसोटीवर तपासू लागली आणि पुढे क्रमांकही देऊ लागली. नोंदणीला किती दिवस, किती टप्पे, किती खर्च, हे मोजायचं आणि यादी लावायची. देशांनी परीक्षेचाच अभ्यास सुरू केला. जॉर्जिया 112व्या क्रमांकावरून 2020च्या अहवालात 7व्या क्रमांकावर पोचला, रवांडा 38व्या. या देशांनी केलेलं काम खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण कारखाने काही त्या यादीच्या क्रमाने गेले नाहीत. व्हिएतनाम त्याच अहवालात 70च्या आसपास होता, आणि सॅमसंगने आपले प्रचंड मोबाइल कारखाने त्याच व्हिएतनाममध्ये उभे केले. शेवटी 2018 आणि 2020च्या अहवालांतल्या आकड्यांत गडबड झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर 2021मध्ये जागतिक बँकेने ही यादीच बंद केली. आकड्यांची गडबड हा वेगळा अपराध. माझा आक्षेप त्याआधीचा आहे: कागदावरचा नियम मोजता येतो, तो कोणाला लागू होतो हे त्या यादीत कुठेच मोजलं जात नव्हतं.

ट्युनिशियाचं उदाहरण यासाठी बारकाईने पाहण्यासारखं आहे. 2010 साली जागतिक आर्थिक मंचाच्या स्पर्धाक्षमतेच्या यादीत ट्युनिशिया आफ्रिकेत पहिला होता. सुधारणांचा आदर्श म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. तिथला 1993चा गुंतवणूक कायदा वाचायला आधुनिकच होता. काही क्षेत्रांत मात्र सरकारची पूर्वपरवानगी लागायची आणि परदेशी गुंतवणुकीवर बंधनं होती. ती क्षेत्रं कोणती, याचा उलगडा अध्यक्ष बेन अली पळून गेल्यावर झाला. जप्त झालेल्या कंपन्यांची कागदपत्रं हाती आल्यावर जागतिक बँकेच्याच अभ्यासकांनी हिशेब केला. अध्यक्षांच्या गोतावळ्याच्या 220 कंपन्या देशातल्या खासगी क्षेत्राच्या एकूण नफ्यापैकी 21 टक्के खात होत्या, आणि त्यांचा वावर नेमका परवानगीच्या क्षेत्रांत जास्त होता. दूरसंचार, विमानसेवा, जमीनजुमला अशा ठिकाणी बाहेरच्याला दार बंद आणि घरच्यांना उघडं. कुंपणच शेत खात होतं आणि जग कुंपणाच्या रंगाला गुण देत होतं. त्याच देशात 17 डिसेंबर 2010 रोजी सिदी बुझीद गावात मोहम्मद बुआझीझी या फळविक्रेत्याचा वजनकाटा नगरपालिकेच्या लोकांनी जप्त केला. तक्रार करायला गेला तर कोणी भेटेना, आणि त्याने सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतलं. तो काटा म्हणजे त्या माणसाचं भांडवल होतं. महिन्याभरात सत्ता कोसळली. अरब जगातल्या उठावांची कारणं अनेक आहेत, पण छोट्या माणसाची गुंतवणूक कोणीही उचलून नेऊ शकतं आणि मोठ्याच्या गुंतवणुकीला राज्यसंस्था पहारा देते, या अनुभवाची आग त्यांत होती, यात मला शंका नाही.

‘एकूण वातावरण’ सुधारल्याशिवाय काही होत नाही, हे आणखी एक लाडकं विधान. भ्रष्टाचार संपवा, न्यायालयं सुधारा, रस्ते बांधा, मग गुंतवणूक. ऐकायला बरोबर वाटतं, पण नायजेरियाकडे पाहिलं की ते पटत नाही. 2001च्या सुरुवातीला त्या देशात 12 कोटींहून जास्त लोकांमागे जेमतेम पाच लाखांच्या आसपास दूरध्वनी जोडण्या होत्या. जानेवारी 2001मध्ये मोबाइल परवान्यांचा उघड लिलाव झाला आणि एकेक परवाना 28.5 कोटी डॉलरला गेला. आज तिथे पंधरा कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत. त्याच देशात नोव्हेंबर 2013मध्ये सरकारने बहुतेक वीजनिर्मिती आणि वितरण कंपन्या खासगी हातांत दिल्या. न्यायालयं तीच, नोकरशाही तीच, लाचखोरीही तीच. पण विजेचं खासगीकरण जवळपास फसलं. राष्ट्रीय वीजजाळं वर्षातून अनेकदा कोलमडतं आणि घराघरांत जनरेटर धडधडतात.

फरक कशात होता? मोबाइल कंपनीचा ग्राहक आधी पैसे भरायचा, मग बोलायचा. कंपनीचं उत्पन्न मंत्र्याच्या सहीवर अवलंबून नव्हतं. दर बऱ्याच अंशी ती स्वतः ठरवायची, सरकारी वीज नव्हती तर मनोऱ्याखाली स्वतःचा जनरेटर ठेवायची. म्हणजे सरकारकडून तिला एकाच गोष्टीचं आश्वासन हवं होतं: लिलावात घेतलेला परवाना परत घेऊ नका. ते आश्वासन पाळणं सोपं होतं, आणि लिलाव उघड झाल्याने ते मोडणंही अवघड होतं. वीज कंपनीची गोष्ट उलटी. नैसर्गिक वायूचा दर डॉलरमध्ये, ग्राहकाचं बिल नायरा या देशी चलनामध्ये, विजेचा दर नियामकाच्या हातात आणि वीज वाहून नेणाऱ्या तारा सरकारच्याच मालकीच्या. 2015च्या निवडणुकीच्या तोंडावर दर वाढायच्या ऐवजी खाली आणले गेले. ज्यांनी कर्ज काढून कंपन्या घेतल्या होत्या त्यांनी नवीन मीटर, नवीन तारा यांत पैसा घालणं थांबवलं, वीज आणखी बिघडली, लोकांनी बिलं भरायचं टाळलं. प्रत्येकाचं वागणं त्याच्या जागी समजण्यासारखं होतं आणि सगळ्यांचं मिळून वाटोळं झालं. खासगीकरणाच्या बाजूचे याला ‘अपुरं खासगीकरण’ म्हणतात, विरोधक ‘खासगीकरणाचं अपयश’. मला त्यात एकच दिसतं. सरकारने दर वर्षी नव्याने पाळावा लागेल असा शब्द दिला, आणि निवडणूक आल्यावर तो पाळणं कुठल्याच सरकारला झेपणारं नव्हतं.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा. दक्षिण कोरिया, चीन, व्हिएतनाम या देशांनी कायद्याचं राज्य आधी आणून मग प्रगती केली नाही. चीनने खासगी मालमत्तेला घटनेत संरक्षण दिलं ते 2004मध्ये, मालमत्तेचा कायदा 2007मध्ये, म्हणजे सुधारणा सुरू होऊन पंचवीसेक वर्षं झाल्यावर. कोरियात पार्क चुंग-ही यांनी 1961मध्ये लष्करी उठावातून सत्ता घेतली आणि बड्या उद्योगपतींना अटक केली. भ्रष्टाचार या तिन्ही देशांत भरपूर होता. मग ‘सरकारचा शब्द’ कुठे आडवा आला? हा आक्षेप खोडून काढणं सोपं नाही, आणि जे लोक तो उडवून लावतात त्यांनी या देशांचा इतिहास नीट वाचलेला नाही.

तरीही बारकाईने पाहा. 1978मध्ये चीनच्या शियाओगांग गावातल्या 18 शेतकऱ्यांनी जीव धोक्यात घालून गुपचूप करार केला: सामूहिक जमीन वाटून कसायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरलेलं स्वतःचं. पुढे सरकारने हीच पद्धत देशभर मान्य केली. जमिनीची मालकी शेतकऱ्याला मिळाली नाही. ठराविक वाटा दिल्यानंतर उरलेलं तुझं, हा शब्द मात्र मिळाला आणि तो पाळला गेला. गावोगावच्या कारखान्यांनाही संरक्षण मिळालं, कारण स्थानिक सरकारांचं स्वतःचं उत्पन्न त्या कारखान्यांवर उभं होतं. आपल्याच तिजोरीत पैसा टाकणाऱ्याला कोण बुडवेल? कोरियात सरकारने स्वस्त कर्जं दिली ती निर्यातीच्या मोबदल्यात. निर्यात केली तर कर्ज, नाही तर बंद. अध्यक्ष स्वतः दरमहा निर्यातीच्या बैठका घेत. हुकूमशाहीच होती, पण तिचा नियम सगळ्यांना माहीत होता आणि निर्यातीचा आकडा परदेशी ग्राहक ठरवत असल्याने तो वशिल्याने फुगवता येत नव्हता. व्हिएतनामने 1986मध्ये सुधारणा सुरू केल्या, तरी देशी खासगी उद्योजकाला कंपनी काढण्यासाठी प्रांतिक अधिकाऱ्यांची मर्जी लागायची. 2000पासून लागू झालेल्या उद्योग कायद्याने ती मर्जी काढून नुसती नोंदणी ठेवली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द केले. त्यानंतर देशी कंपन्यांचं पीक आलं. या तिन्ही देशांत न्यायाधीशाच्या जागी वेगळी काहीतरी व्यवस्था होती, पण शब्द पाळायला भाग पाडणारी व्यवस्था होतीच. ज्या हुकूमशाह्यांत ती नव्हती, त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. त्यांची उदाहरणं कोणी देत नाही, कारण त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

सुधारणा म्हटली की देशाची सगळी घडीच बदलायची, असा जो समज आहे त्यानेही बरंच नुकसान केलं आहे. बांगलादेशच्या कपडे उद्योगाची सुरुवात पाहा. 1979मध्ये ‘देश गार्मेंट्स’ या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून आपली 130 माणसं शिकायला कोरियातल्या बुसानला पाठवली. ती परत आली, कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी नोकरी सोडून स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे केले. पण नुसत्या शिकलेल्या माणसांनी उद्योग वाढला नसता. कापड आयात करायचं तर भरमसाट जकात, आणि कापड घ्यायला हातात पैसा नाही, ही दोन कुलपं होती. ती दोन तांत्रिक वाटणाऱ्या सोयींनी उघडली. पहिली बंधित गोदामाची: आयात केलेलं कापड जकात न भरता सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालच्या गोदामात ठेवायचं, आणि त्याचे कपडे होऊन देशाबाहेर गेले की जकातीचा प्रश्नच मिटला. दुसरी पतपत्राची, म्हणजे माल पाठवला की पैसे देऊ या बँकेच्या लेखी हमीची: परदेशी ग्राहकाने शर्टांच्या ऑर्डरसाठी उघडलेलं पतपत्र बँकेत तारण ठेवायचं आणि त्याच्या जोरावर कापड पुरवणाऱ्याच्या नावे दुसरं पतपत्र उघडायचं. शर्ट गेले, पैसे आले, त्यातून कापडवाल्याचे पैसे परस्पर चुकते. कारखानदाराला शिलाई यंत्रं आणि मजुरी एवढाच पैसा लागायचा. ज्याच्याकडे वाडवडिलांची इस्टेट नाही अशा माणसाला यामुळे उद्योगात पाय ठेवता आला. आज त्या देशाच्या निर्यातीचा 80 टक्क्यांहून जास्त भाग कपड्यांचा आहे. बांगलादेशाची न्यायालयं, बंदरं, वीज, राजकारण यांतलं काहीही तेव्हा सुधारलेलं नव्हतं. एका उद्योगाच्या वाटेतली नेमकी दोन कुलपं काढली गेली, तीही ऑर्डर असलेल्या प्रत्येकासाठी. यातला ‘प्रत्येकासाठी’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

इथे कोणी राणा प्लाझाची आठवण करून देईल, आणि ती करून द्यायलाच हवी. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये ती इमारत कोसळली आणि 1,100हून जास्त माणसं गेली. बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायका. नियम सैल करण्याची ही किंमत नव्हे काय? मला या प्रश्नासमोर गुळमुळीत उत्तर द्यायचं नाही. सुरक्षेच्या तपासणीला ‘अडथळा’ म्हणून गुंतवणुकीच्या नावाखाली उडवणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. पण त्या इमारतीबाबत काय घडलं होतं? वरचे मजले परवानगीशिवाय चढवले होते, आणि बांधकामाची मंजुरी जिच्याकडे अधिकार नव्हता त्या नगरपालिकेने दिली होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले. इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. कारखान्यांनी कामगारांना दुसऱ्या दिवशी आत बोलावलं. इमारतीचा मालक सत्ताधारी पक्षाशी जोडलेला होता. नियमांची वाण नव्हती. वजनदार माणसाला ते लागू होत नव्हते. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायदेशीर बंधनकारक करार झाला, स्वतंत्र अभियंत्यांनी सोळाशेच्या आसपास कारखाने तपासले, त्रुटी जाहीर केल्या, दुरुस्ती न करणाऱ्यांची कामं बंद केली. निर्यात त्यानंतरही वाढत राहिली. कडक पण सर्वांना सारखा नियम गुंतवणूक पळवून लावतो, हे म्हणणं त्या अनुभवाने खोटं पाडलं.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे खासगी भांडवलाकडे संशयाने पाहणाऱ्यांचा मुद्दाही वस्तुस्थितीवर उभा आहे. घानामध्ये 2012 ते 2016 या काळात विजेची इतकी टंचाई होती की सरकारने घाईघाईने खासगी वीजकेंद्रांशी करार केले. वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे, अशी कलमं घातली. 2019मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की न वापरलेल्या विजेच्या क्षमतेपोटी देश वर्षाला 50 कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजतो आहे. झांबियाने तांब्याच्या खाणी विकताना स्वामित्वशुल्क, म्हणजे काढलेल्या खनिजाच्या किमतीतला सरकारचा वाटा, अवघ्या 0.6 टक्क्यावर आणलं होतं. तांब्याचे भाव चढले, लोकांच्या हाती काही लागलं नाही, मग 2008मध्ये वाढीव नफ्यावर कर आला, 2009मध्ये गेला, 2015च्या जानेवारीत उघड्या खाणींवरचं स्वामित्वशुल्क 6वरून 20 टक्क्यांवर गेलं आणि काही महिन्यांत 9वर आलं. अशा देशात तीस वर्षांची खाण कोण आखेल?

या गोष्टीतून दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. खाण कंपन्या म्हणतात, बघा, धोरण किती धरसोडीचं. विरोधक म्हणतात, बघा, 0.6 टक्का म्हणजे लूट. दोन्ही खरं, आणि पहिलं दुसऱ्यामुळे घडलं. ज्या कराराची लाज वाटावी तो करार पुढचं सरकार मोडणारच, आणि मोडताना टाळ्या मिळवणार. गुंतवणूकदाराने फार ओरबाडून घेतलेली सवलत ही त्याच्यासाठीच जोखीम असते. बोट्सवानाने हे ओळखलं. हिऱ्यांच्या खाणीत सरकारचा हिस्सा सुरुवातीला 15 टक्के होता, तो 1970च्या दशकात वाटाघाटींतून 50 टक्के करून घेतला. जप्ती नाही, धमक्या नाहीत. कंपनी राहिली, देशाला अर्धा वाटा मिळाला, आणि ती भागीदारी अर्धशतक टिकली. ‘गुंतवणूकदार-स्नेही’ म्हणजे स्वस्तात देणं, हा समज कधी सुटणार? लोकांना न्याय्य वाटणारा करार हाच टिकणारा करार असतो, आणि टिकणाऱ्या करारालाच गुंतवणूकदार खरी किंमत देतो.

मग सरकारने स्वतःचे हात बांधून घ्यायचे कसे? इंग्लंडचा दुसरा चार्ल्स 1672 साली सराफांची देणी द्यायची थांबवून मोकळा झाला. राजावर दावा कोण लावणार? 1688च्या क्रांतीनंतर कर्ज आणि कर यांवर संसदेची पकड आली, 1694मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली. 1690च्या दशकात जे सरकार 14 टक्क्यांपर्यंत व्याज मोजत होतं त्याला 1730च्या दशकात 3 टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळू लागलं. शांतता, वाढता व्यापार यांचाही त्यात वाटा होता. पण धनको संसदेत बसले होते, ही गोष्ट त्यात मोठी होती. आजचे विकसनशील देश यावर जो उपाय करतात तो मला अर्धवट आणि अन्यायाचा वाटतो. ते परदेशी गुंतवणूकदाराला आंतरराष्ट्रीय लवादाचं दार उघडून देतात आणि देशी माणसाला आपल्याच न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायला लावतात. अर्जेंटिनात 2001च्या शेवटी बँकखाती गोठवली गेली, 2002च्या सुरुवातीला डॉलरच्या ठेवी एका डॉलरला 1.40 पेसो या दराने बदलल्या गेल्या, आणि काही महिन्यांत बाजारातला दर 3च्या पुढे गेला. त्याच सुमारास वायू, पाणी, वीज पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांचे डॉलरमधले दरही पेसोत आले. त्या कंपन्यांनी वॉशिंग्टनच्या लवादात दाव्यांची रांग लावली. ठेवीदार बँकेच्या दारावर पातेली बडवत होते, आणि नंतर वर्षानुवर्षं स्थानिक न्यायालयांत खेटे घालत होते. ज्या देशाचा नागरिक पुढच्या खेपेला पैसा गादीखाली ठेवायचं ठरवतो, तिथे परदेशी कंपनीला दिलेली हमी किती दिवस पुरणार?

सुधारणांना विरोध नोकरशाही करते, असं आपण ऐकत आलो आहोत. नोकरशाही करतेच, पण आत शिरलेल्या उद्योगपतींचा विरोध जास्त चिवट असतो आणि तो दिसत नाही. केनियात 2007मध्ये एम-पेसा सुरू झालं, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय. त्याला बसवायला कायदाच नव्हता. मध्यवर्ती बँकेने पत्र देऊन वाट मोकळी केली आणि लक्ष ठेवलं. 2008च्या अखेरीस अर्थमंत्र्यांनी तपासणीचे आदेश दिले. त्यामागे मोठ्या बँकांचा रेटा असल्याचं तेव्हा उघड बोललं गेलं. तपासणीत काही वावगं निघालं नाही, मध्यवर्ती बँक ठाम राहिली आणि ज्यांना बँकेने कधी दारात उभं केलं नव्हतं त्यांच्या हातात पैशाचं साधन आलं. तिथे त्या दिवशी बँकांचं ऐकलं गेलं असतं, तर तो निर्णय ‘ग्राहकांच्या सुरक्षेसाठी’ म्हणूनच नोंदला गेला असता. स्पर्धेला घाबरणारा उद्योगपती नेहमी जनहिताच्या भाषेत बोलतो. म्हणून खासगी क्षेत्राची बाजू घेणं आणि आज असलेल्या खासगी कंपन्यांची बाजू घेणं या दोन गोष्टी कधीच एक समजू नयेत.

सेव्हिलसारख्या परिषदांत हमी, विमा, मिश्र कर्ज (सार्वजनिक आणि खासगी पैसा एकत्र करून दिलेलं) अशा साधनांवर दिवसच्या दिवस चर्चा होते. एक साधा विषय तिथे मागच्या बाकावर राहतो: सरकारने देशातल्या पुरवठादारांची थकवलेली बिलं. शाळेची बाकं बनवून देणारा सुतारकामाचा कारखाना, जिल्हा रुग्णालयाला औषधं पुरवणारा वितरक, रस्त्याचा तुकडा करणारा कंत्राटदार या सगळ्यांनी काम पुरं केलेलं असतं, बिल मंजूर झालेलं असतं, आणि पैसे वर्ष-दोन वर्षं येत नाहीत. या काळात तो बँकेचं व्याज भरतो, कामगार कमी करतो, शेवटी बुडतो. त्याला कर्ज देणारी स्थानिक बँकही अडचणीत येते. ज्याची वर ओळख आहे त्याचं बिल मात्र निघतं. केनियात हा ढीग इतका वाढला की 2023मध्ये अशी बिलं पडताळायला खास समिती नेमावी लागली, आणि आफ्रिकेतल्या अनेक सरकारांची स्थिती याहून वेगळी नाही. माझी मागणी अशी आहे की परदेशी गुंतवणूकदाराला हमी देण्यासाठी जी विकास बँक एखाद्या सरकारला पैसा देते, तिने आधी त्या सरकारच्या थकीत बिलांची यादी मागावी: रक्कम, तारीख, कोणाचं, मंजूर कधी झालं. ती दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावी, आणि पैसे मंजुरीच्या तारखेच्या क्रमानेच निघावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही, कोणता परवाना रद्द करावा लागत नाही.